दीड वाजता रिकामे हात

११ मार्च

बरा दिवस. नऊला बाजार उघडला आणि चहा गार व्हायच्या आत माझं काम संपलं. मग नुसती बघत बसले. लोकांना वाटतं, मी दिवसभर पडद्यासमोर घामाघूम होत असेन. छे! निम्मं काम म्हणजे काहीच न करणं. ते शिकायला कुणी तयार नसतं.

दुपारी दीडला बाजार बंद होतो तेव्हा माझे हात रिकामे. रात्रीपुरता एक शेअरही जवळ ठेवायचा नाही, हा एकच नियम. बाकीचंही मी तसंच ठेवलंय. कुत्रं नाही, कुंड्या नाहीत. लग्न ठरलं होतं एकदा. तेही वेळेत मिटवलं.

बाबा रोजच्यासारखे पेरूच्या फोडी घेऊन खुर्चीमागे आले. "आज लाल का गं, आ-शुआन?" आमच्या बाजारात लाल म्हणजे चढ, हिरवा म्हणजे उतार. एवढंच त्यांना कळतं. आयुष्यभर चिआयीच्या रस्त्यांवर बस चालवली. लाल दिसला की खूश व्हायचं, हे अंगवळणी पडायला फार वेळ लागला म्हणतात.

मग बाबा गेले कोपऱ्यावरच्या शेअर-दलालाच्या हॉलमध्ये. मोठा फलक, फुकट चहा, गार हवा, आणि त्यांच्यासारखेच म्हातारे. हिरवा सदरा घालून कुणी आलं तर दारातूनच हाकलतात! "मी काय, नुसता बसतो," म्हणतात. बसू देत.

१३ मार्च

एकही सौदा नाही. उत्तम दिवस.

१६ मार्च

बाबांबरोबर अस्थिकलशांच्या मनोऱ्यात गेले, आईच्या अस्थींना भेटायला. बाबा तिच्या कप्प्याच्या काचेवरून रुमाल फिरवतात आणि मग शेजारच्या रिकाम्या कप्प्यावरूनही फिरवतात. तो त्यांचा. म्हणजे अजून नाही. नुसता शब्द टाकून ठेवलाय.

कचेरीतली बाई म्हणाली, "आजोबा, छिंगमिंगच्या सणापर्यंतच थांबता येईल हं. दुसरं एक कुटुंब मागतंय."

मी पर्समधून कार्ड काढलं. बाबांनी माझा हात धरून परत पर्समध्ये कोंबला.

"बाबा, मला जड नाही हो."

"तुला नाही. मला आहे. जिवंतपणी तुझ्या घरात राहतोय तेवढं बास. मेल्यावर तरी तुझ्या आईशेजारी स्वतःच्या भाड्याने राहू दे!"

"मग पैसे कुठून आणणार?"

"आणतो की. तुझाच बाप आहे मी."

परतताना टर्की-भात खाल्ला. वाद घातला नाही. ज्या सौद्यात समोरचा ऐकणार नाही तिथून निघायचं, ही सवय.

१८ मार्च

या महिन्यातला सर्वांत मोठा दिवस. एक पंखे बनवणारी कंपनी आहे, संगणक गार ठेवायचे पंखे. सकाळी भाव उगाचच फुगलेला दिसला. अशा वेळी मी आधी विकते, हातात नसलेले शेअर. मग भाव पडला की स्वस्तात घेऊन मिटवते. कायद्याने चालतं. मी विकले. थोडा वेळ तो वरच रेंगाळला, कुणी ना कुणी घेतच होतं. मग घसरला तो घसरलाच. दीडपर्यंत थांबायचीही गरज पडली नाही.

गंमत म्हणजे बाबांनी आज "लाल का?" विचारलंच नाही. पडद्याकडे बघितलं, बशी ठेवली आणि लगबगीने बाहेर. चपला माझ्या घालून गेले!

१९ मार्च

पंखेवाला आज उघडल्यापासून तळाला. विकणाऱ्यांची रांग, घ्यायला कुणी नाही. मी त्यात नाही. बाबा जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणे.

२१ मार्च

मैत्रिणीच्या संध्याकाळच्या वर्गात बोलावलं होतं. विषय: यशस्वी व्हायचं तर काय लागतं. मी सांगितलं, हुशारी नाही लागत, निघता आलं पाहिजे. सगळ्यांनी लिहून घेतलं. तोंडं पडलेली. त्यांना गुपित हवं होतं.

मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी विचारलं, "तू कमावतेस तेव्हा समोर कुणीतरी घालवत असेल ना, पोरी? त्याचं काय वाटतं?"

म्हटलं, "समोर चेहरा नसतो, आजी. चेहरा आठवला तर बटण दाबलं जाणार नाही."

सगळे हसले. आजी नाही हसल्या.

२४ मार्च

को काका भेटले. हॉलमध्ये बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. रस्त्यातच दंड धरला माझा.

"अगं, तुझ्या बापाला सांग जरा! तो पंखेवाला विक म्हणावं. आम्ही सांगून थकलो. पार मातीत गेलाय, तरी हा धरूनच बसलाय."

"बाबांनी शेअर घेतलेत?"

"घे! कप्प्यासाठी साठवलेले सगळे पैसे त्यातच घातलेत. त्या दिवशी धावत आला, धाप लागलेली. म्हणे, पोरीने उचललाय, मी डोळ्यांनी बघितलं!"

मी "बरं" म्हटलं आणि घरी आले.

बाबा माझं नाव घेऊन हॉलभर सांगत सुटले. आणि मी त्याच क्षणी विकत होते. भाव वर रेंगाळला तेव्हा कुणी ना कुणी घेतच होतं — मीच लिहिलंय वर. रागच आला आधी. बाबांचा. मग माझा.

२५ मार्च

सांगितलं बाबांना. पेरू कापत होते.

"बाबा, मी तो घेतला नव्हता. विकला होता."

"नव्हताच, तर विकलास कसा? जवळ नसलेली वस्तू कुणी विकतं का?"

समजावलं. दोनदा. सुरी हातातच राहिली. पडद्यावर नाव दिसलं म्हणजे पोरीने घेतलं, एवढाच त्यांचा हिशेब. पण चढणार म्हणून बघते ती नावंही त्याच पडद्यावर, पडणार म्हणून बघते तीही.

"म्हणजे तुझं काही गेलं नाही?"

"नाही बाबा. मला मिळाले."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला! "मग ठीक. मला वाटलं, तूही अडकलीस. तोंडाने बोलत नाहीयेस. मी आधी निघालो तर तू एकटी पडशील, म्हणून थांबलो."

मी उठून बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. खूप रडले. एवढी कधी रडले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही.

२८ मार्च

बाबांचे शेअर विकून दिले. उरलं ते कमीच. त्या दिवशीची माझी कमाई पाकिटात घालून समोर ठेवली.

"पोरीचे नकोत."

"माझे नाहीतच. त्या दिवशी मी विकत होते, तुम्ही घेत होतात. तुमचेच माझ्याकडे आले."

"नक्की माझेच?"

"नक्की."

कुणाचे कुणाकडे गेले, हे बाजारात कुणालाच कळत नसतं. बाबांनी पाकीट उचललं.

४ एप्रिल

छिंगमिंग, पितरांचा सण. दोन्ही काचा पुसल्या. शेजारच्या कप्प्याची पावती बाबांनी आईला वाचून दाखवली. स्वतःचं नाव जरा मोठ्यानेच वाचलं.

९ एप्रिल

बाजार उघडला. भाव फुगलेला, सौदा चांगला, बटणावर बोट. बाबा पेरू घेऊन मागे आले. आज "लाल का?" नाही.

"आज समोर कोण आहे गं?"

दीडला हात रिकामे होते. नऊपासूनच.