कप्तानाचे पिठले आणि सतरा पुस्तके

मी, ज्ञानदेव गोविंद निखाडे, वय ६८, हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहीत आहे. पत्नी दोनदा "चहा घेता का?" म्हणून डोकावली, तो दबाव धरू नये. डॉक्टरांनी चार महिने सांगितले आहेत. तपासणीची वेळ त्यांनी कधी पाळली नाही, पण हा आकडा खरा धरतो.

१. राहता फ्लॅट व ठेवी पत्नी सौ. कौशल्या हिला. तिच्यानंतर मुलगी उत्कर्षा व मुलगा तेजस यांना निम्मे निम्मे. भांडायचे झाल्यास तेजसच्या खराडीच्या ऑफिसात भांडावे, तिथे एसी आहे.

२. माझी हत्यारे तेजसला. नळ गळला की तो इंटरनेटवर प्लंबर शोधतो. पाना कोणत्या बाजूला फिरवायचा, ते लिहून पेटीत ठेवले आहे.

३. शोधप्रवासाची मुलांसाठीची पुस्तके, नग सतरा. १९८३ च्या बोनसमधून मिक्सरऐवजी आणली; तो विषय घरात अजून मिटलेला नाही. दर रविवारी जेवणानंतर मी मोठ्याने वाचत असे. उत्कर्षा नकाशावर बोट फिरवी, तेजस मांडीवर. सोळा पुस्तकांत माणसे कशीबशी घरी पोचतात. दक्षिण ध्रुवाच्या पुस्तकात कप्तान तंबूत गोठून मरतो. तिथे आल्यावर तेजसने भोकाड पसरले. कौशल्या म्हणाली, "अहो, ठेवा की त्याला जिवंत! तुमच्या खिशातलं काय जातंय?"

ठेवला. कप्तान घरी आला, गरम पाण्याने आंघोळ करून पिठलं-भात जेवला. शेवटची दोन पाने मी त्याच दिवशी गव्हाच्या खळीने चिकटवून टाकली.

सातवीत उत्कर्षाने वक्तृत्व स्पर्धेत हा शेवट पिठल्यासकट सांगितला. परीक्षक हसले. ती घरी येऊन एवढेच म्हणाली, "बक्षीस नाही मिळालं." मी परीक्षकांना मूर्ख ठरवले. चूक माझी होती, लेखी कबूल करतो.

४. पुस्तक क्र. ९, नदीच्या उगमाचे, शेजारी बापूराव गावंडे यांनी १९९१ साली "दोन दिवसांसाठी" नेले. तो उगम अजून त्यांच्याच कपाटात आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीदार केले आहे.

५. उत्कर्षा सहा वर्षे अमेरिकेत नोकरीला आहे. दर रविवारी फोन करते. गेले दोन महिने कौशल्या तिला सांगते, "बाबा ना? टेकडीवर फिरायला गेलेत." मी तेव्हा शेजारीच पलंगावर पडलेला असतो. पोरीला कशाला घाबरवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते.

परवा यादी करताना ध्रुवाचे पुस्तक काढले. पाने चिकटलेलीच होती, पण शाळेतल्या डिंकाने. मी तर खळ वापरली होती. वाफेवर धरून सोडवली. आत पेन्सिलीने लिहिलेले: "तेजसला सांगायचं नाही. बाबांनापण नाही. उत्कर्षा, ७ वी ब."

त्यानंतरही दोन वर्षे ती दर वेळी विचारायची, "बाबा, कप्तानाने पिठलं पुन्हा वाढून घेतलं का?" मला वाटे, पोरगी भाबडी आहे. परवा मी रडलो. ते औषधामुळे, असे कौशल्याने कोणाला सांगू नये.

म्हणजे टेकडीचेही तिने ओळखले असणार, आणि तिकडे एकटी बसून पुन्हा पाने चिकटवत असणार. सबब सर्व पुस्तके उत्कर्षाला. आणि येत्या रविवारी फोन मी घेणार. या वेळचा शेवट आहे तसा सांगणार.

ठिकाण: पुणे. दिनांक: १४ मार्च २००७.
सही: ज्ञा. गो. निखाडे

साक्षीदार:
१. बापूराव गावंडे (कलम ४ वाचले. पुस्तक शोधतो आहे.)
२. श्रद्धा लोखंडे, सोसायटीच्या सेक्रेटरी

पुरवणी, रविवार १८ मार्च: फोन मी घेतला. सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात ती म्हणाली, "तिकीट मागच्याच आठवड्यात काढलंय, बाबा. तुम्ही टेकडीवरून कधी उतरताय, त्याचीच वाट बघत होते."