व्याह्यांचं कृष्णविवर

४ ऑगस्ट
आमचे हे आणि व्याही मिळून बँड काढणार! दोघांच्या वयांची बेरीज एकशे एकतीस. हे निवृत्त टेलिफोन मेकॅनिक, ते निवृत्त दाताचे डॉक्टर. विजेच्या वाद्यांवर म्हणे अंतराळाचं संगीत. नाव ठेवलंय 'कृष्णविवर'. शोभतंय खरं — मागची खोली आधीच गिळली.

११ ऑगस्ट
लेक परत आली त्याला वर्ष होत आलं. जावयाने दुसरीबरोबर घर थाटलंय. आणि त्याचेच वडील दर मंगळवारी कीबोर्ड काखोटीला मारून आमच्या दारात. जनाची नाही, निदान मनाची?
ह्यांना म्हटलं तर, "त्यांनी काय केलंय?"
असा मुलगा वाढवला, ते काय कमी आहे?

१८ ऑगस्ट
स्कूटरच्या हेल्मेटांना चंदेरी रंग फासला. खाली कागद न अंथरता. मग तासभर 'गुरूचे चंद्र' वाजवलं — एकच सूर, घूंऽऽ. पंप बिघडला की आमच्या टाकीतूनही हेच येतं. त्याला कोणी कला म्हणत नाही.

२ सप्टेंबर
लेक म्हणते, बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला जाणार. "कशाला? लोकांना दाखवायला?"
"पप्पांचा कार्यक्रम आहे, आई."

७ सप्टेंबर
वाचनालयाचं सभागृह, दुपारी चार. खुर्च्या साठ, माणसं बावीस, त्यातली सहा पंख्याखाली झोपायला आलेली. पडद्यावर शनी, खाली दोन हेल्मेटं डुलताहेत. हसू दाबून पोट दुखलं.
शेवटी यान सुटायचं होतं. व्याही माइकवर उलटे आकडे मोजू लागले. दहा, नऊ... चारला थांबले. पुढच्या रांगेत बसलेली लेक त्यांना दिसली होती. हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले, ओठ हलताहेत, आवाज नाही. हे शेजारी नुसते उभे. मनात म्हटलं, बरी जिरली.
तेवढ्यात लेक बसल्या जागेवरून म्हणाली, "तीन." जरा थांबून, "दोन. मोजा ना, बाबा."
सासऱ्यांना ती बाबा म्हणते. अजून.
"एक," ते कसंबसं म्हणाले. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

१९ नोव्हेंबर
घटस्फोट मंजूर झाला. संध्याकाळी ते कीबोर्ड घेऊन आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. "येऊ ना?"
आता व्याही म्हणता येत नाही.
"आत या, भाऊजी," म्हटलं.