अर्धा दोष माझा

मी, जागेश्वर गोमाजी कापगते, वय अडुसष्ट, धंदा धानाची शेती, राहणार एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही, आणि माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. धुरपता ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी, माझी पहिली बायको. आमची मुलगी चंद्रकांता हिला अकराव्या वर्षी ऊन सोसेना. रोवणीला धानाच्या बांधीत उतरली की पाण्याच्या चकाकीने डोळे मिटून उभी राही. बुबुळांवर राखेसारखे ठिपके धरले, पुढे सारेच धुरकट झाले. मी दोष धुरपतेला दिला, फारकत घेतली आणि दोघींना तिच्या भावाकडे बपेऱ्याला पोचवले. मग परक्या घरातली कुंताबाई केली. तिच्या मंदा व भोजराजची नजर स्वच्छ निघाली, तेव्हा माझी खात्रीच पटली.

२. गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी चंद्रकांतेला तपासून मला व धुरपतेला बोलावले. कागदावर गोल आणि चौकोन काढून त्यांनी समजावले की हा रोग वंशातून येतो. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन दोष जमले तरच डोळा जातो. एकच असला तर माणसाला कळतही नाही. आजा-आजींपैकी एकाचा दोष माझ्या आईतून माझ्यात आणि मामातून धुरपतेत उतरला. मी आजही सुईत दोरा ओवतो. त्याची लाज वाटते.

बाहेर आल्यावर मी धुरपतेला म्हणालो की अर्धा दोष माझा होता. ती म्हणाली, "वीस वरसं पुरा मीच वाह्यला. आता अर्धा मांगाले कायले आले?"

३. तलावाखालची तीन एकर बांधी व बैलजोडी चंद्रकांतेला द्यावी. धुरपता जिवंत आहे तोवर ते पीक दोघींचे. घर व उरलेली जमीन भोजराजची. कुंताबाईने त्या घरात अखेरपर्यंत राहावे. कुंताबाई, तुला आणताना पहिलीत खोट होती असे सांगितले. तू ते खरे मानलेस, यात तुझी चूक नाही.

४. माझी बहीण चंद्रभागाबाई आपल्या मुलासाठी मंदाला मागते. मामाची पोरगी हक्काची, असे तिचे म्हणणे. मी नाही म्हटल्यापासून ती माझ्या घरचे पाणी पीत नाही. पण माझ्यातला दोष मंदात, आणि आमच्या आईचा तिच्यात व तिच्या मुलात उतरला असू शकेल. नसेलही. ते आधी पाहण्याचे साधन नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे लग्न करू नये. भोजराजने होऊ दिले, तर त्याची जमीनही चंद्रकांतेची.

५. माझे डोळे दुसऱ्याला चालतील, असे डॉक्टर म्हणाले. ते कोणाला बसवायचे हे त्यांची यादी ठरवते. लेकीला मिळतीलच असे नाही. तरी प्राण जाताच साकोलीच्या दवाखान्यात कळवून डोळे काढू द्यावेत. रडणे नंतर.

६. तेराव्यानंतर हे मृत्युपत्र जातीच्या बैठकीत मोठ्याने वाचावे. त्याच बैठकीत उभा राहून मी धुरपतेची कूस नासकी म्हणालो होतो. ती दाराशी होती, चंद्रकांता तिचा पदर धरून. या वेळी त्या दोघींना बोलावू नये. तेव्हा ज्यांनी माना डोलावल्या, त्यांतले जे हयात असतील त्यांना मात्र बोलवावे.

एकोडी, दिनांक ९ नोव्हेंबर १९८६
सही: जागेश्वर गोमाजी कापगते

साक्षीदार:
१. सुखराम चिंधू संग्रामे. वाचून सही केली.
२. भैय्याजी बाबुलाल लांजेवार. वाचून सही केली. बैठकीला मी होतो. मान मीही डोलावली होती.