पाचवा कंप्युटर

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चार कंप्युटर चालू केले तिनं! दिवाळीच्या सुट्टीत शाळेत येऊन. मला एका शब्दानं न विचारता.

जूनमध्ये मीच लेखी दिलं होतं — शाळेचे पाचही कंप्युटर जुने झाले, नवं विंडोज त्यांच्यावर चढत नाही, भंगारात काढावेत. खाली माझी सही. आणि आज प्रार्थना आटोपून खोलीत जातो तर चार पडदे लखलखीत, पाचवीची पोरं माउसवरून भांडतायत. मध्ये राजेश्री मॅडम उभ्या. गंगाखेडकडून बदलून आल्या त्याही जूनमध्येच. "विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलंय सर. फुकटच असतंय. जुन्या मशीनवर बी मस्त चालायलंय."

हेडमास्तर लिंबाजी सर सगळ्यांसमोर: "काय नागेश सर! तुमी तर भंगारात काढायला निघाला होता!"

सगळे हसले. मीही हसलो. अठरा वर्षं या शाळेत काही अडलं की हाक एकच — नागेश सर! निकाल ऑनलाईन भरायचा, नागेश सर. प्रिंटरमध्ये कागद अडकला, नागेश सर. आज दुपारी कागद अडकला आणि लिंबाजी सरांनी हाक मारली — "ओ मॅडम!"

मी तिथंच होतो. दोन हातांवर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नव्याचे नऊ दिवस. बघू.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज एक गोष्ट लक्षात आली आणि जेवण गोड लागलं. पाचवा तिला जमलेला नाही! कोपऱ्यातला, माझा. त्यावर मीच बसायचो. एप्रिलमध्ये पडदा काळा पडला तो पडलाच. मी फडकं टाकून ठेवलं होतं, ते तसंच आहे. म्हणजे तिथं हात टेकले बाईंनी. मग चारांचा एवढा गाजावाजा कशाला?

हे सविताला सांगितलं. बायकोनं आपली बाजू घ्यावी की नाही? भाकरी थापता थापता म्हणते, "चार केले की पर तिनं. तुमी किती केले?"

जळतोय मी. इथं लिहायला काय हरकत आहे? जळतोय. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. वाईट नाही. पोरं विचारतात तेव्हा ती खुर्ची ओढून शेजारी बसते. मी उभ्यानंच सांगायचो — सरक, मी करतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळची शाळा. सुटताना मॅडम आल्या. "सर, मिंट टाकायच्या आधी तुमचे जुने चाचणीचे पेपर काढून ठेवलेत मी. पण उघडले की अक्षरं सगळी येडीवाकडी दिसायलेत. तुमी ज्या जुन्या फॉन्टात टाईप करायचात, तो हाय का तुमच्याकडं? तेवढा टाकला की झालं."

आहे ना. त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात होता, पेन ड्राइव्हमध्ये. फॉन्टही, आणि पोरांकडून जमवलेले माझे शब्दही.

"नाही हो मॅडम," मी म्हणालो. "तो विंडोजबरोबरच गेला."

तिनं उगाच जरा माझ्याकडं पाहिलं. "बरं सर. मग मी छापलेले पेपर बघून बघून परत टाईप करते." बावीस पेपर आहेत.

घरी वालूरपर्यंत गाडीवर शीळ घालत आलो. आता बसा म्हणावं टाईप करत! आता कळेल लिनक्स काय असतं ते.

रविवार, १६ नोव्हेंबर

शत्रूचं घर आतून बघावं म्हणून आज माझ्या लॅपटॉपवर मिंट टाकायला घेतलं. उणिवा काढायच्या आणि सोमवारी सगळ्यांसमोर मांडायच्या, असा बेत. इंटरनेटवरून उतरवून घेतलं, पेन ड्राइव्हवर चढवलं, तिथून लॅपटॉपवर. मध्ये मध्ये काहीबाही विचारत होतं. वाचतो कोण! अठरा वर्षं विंडोज टाकतोय — नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

अर्ध्या तासात चालू. आणि — लिहायला जिवावर येतंय — छान आहे! डावीकडे खाली मेनू, अगदी सवयीचा. सहा वर्षांचा लॅपटॉप टुणकन उघडतो. वायफाय आपसूक लागलं. अँटिव्हायरसची भुणभुण नाही. एक उणीव सापडेना. प्रिंटर तरी चालणार नाही म्हणून जोडला, तर तोही चालला!

संध्याकाळ. शब्दांची फाईल उघडायला गेलो. फाईल नाही. लॅपटॉपवर काहीच नाही. सगळं पुसून मिंट बसलंय. पेन ड्राइव्ह लावला. त्यातही फक्त मिंट. चढवताना तोही पुसला गेला.

ते "काहीबाही" हेच विचारत होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शाळेत गेलो. शिकवलं. आलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अकरा वर्षं. दरवर्षी पाचवीच्या पोरांना सांगायचो — आजीकडून दहा शब्द आणा, पुस्तकात नसलेले. उलसं, म्हणजे थोडंसं. बिगीनं. कुणी सुताराच्या हत्यारांची नावं आणायचं, कुणी गुरांच्या दुखण्यांची. शब्द, पोराचं नाव, गाव. अडीच हजारांच्या वर गेले होते. आणणाऱ्या कितीतरी आज्या आता नाहीत. मी कुणाला दाखवलं नव्हतं, पूर्ण झाल्यावर दाखवणार होतो.

एप्रिलपर्यंतची प्रत पाचव्या कंप्युटरात होती. तो मेला, आणि भंगारात काढा म्हणून मीच सही केली. त्याची डिस्क काढून बघायची म्हणजे मॅडमसमोर फडकं उचलायचं.

त्यांचे तेरा पेपर झालेत. डोळे चोळत होत्या. "सर, तब्येत बरी नाही का?" तोंडातून निघून गेलं — लॅपटॉप पुसला गेला, शब्द गेले. कसे गेले ते सांगितलं नाही. फॉन्टचंही नाही. ऐकून म्हणाल्या, "उद्या उलसं लवकर येता का?"

बुधवार, १९ नोव्हेंबर

तिनं फडकं काढलं, बटण दाबलं. पडद्यावर माझं नाव आलं, खाली पासवर्डची चौकट.

"दिवाळीतच चालू झाला होता सर. रॅम काढून खोडरबरानं घासली, लगेच आला. तुमचं नाव दिसलं म्हणून बंद करून फडकं टाकलं परत."

पेन ड्राइव्हवरून मिंट चालवलं की पासवर्ड नसला तरी आतलं सगळं काढून घेता येतं. हे मला रविवारी कळलं. तिला केव्हाचंच माहीत असणार.

पासवर्ड टाकला. एप्रिलपर्यंतचे शब्द जिथल्या तिथं होते. फॉन्टही होता.

तिनं पेन ड्राइव्ह पुढं केला. "फॉन्ट आता देता का, सर?"