आईने सारवलेली फरशी

अकोला, १२ मे १९५८, सोमवार

फरशीच्या दुकानदाराने पाठवलेल्या गवंड्याने काल संध्याकाळी बैठकीत शहाबादी फरशी बसवली. आज उठून पाहतो तर आईने ती शेणाने सारवलेली! ओल्या सांध्यांतलं सिमेंट निघून आलं. दाराजवळची फरशी तर पाय ठेवला की डुगडुगते. आणि उद्या सकाळी आमच्या लेकीला, सुमनला पाहायला अंजनगावचे पाहुणे येणार.

गवंडी म्हणाला, "सारी उखडा लागते, बापूसाहेब. मी तं आता अमरावतीले चाललो."

आईला विचारलं, तर तीच चिडली. "पाहुणे येऊन राहिले, अन् घर बिनसारवलं ठेवू काय रे?"

आताही पाय ठेवून पाहिला. डुगडुगतेच. मी पेपरवाला; एका रात्रीत अग्रलेख लिहून होतो, फरशी कशी होणार?

सुमन म्हणते, "बाबा, माझा पाट त्या डुगडुगत्या फरशीवरच मांडा. मी हलणार नाही."