बंद करू नये अशी गाडी

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा! दादाने फाटकातूनच मला ओळखलं आणि जत्रेच्या भर मैदानात इतकी करकचून मिठी मारली, की खिशातला पाना माझ्याच बरगडीत रुतला. तीन वर्षांत तो वाळलाय, मिश्या मात्र वाढवल्यात. मी विचारलं, या मिश्यांचं वजन गाडीला झेपतं का? तर म्हणाला, आल्या आल्या झालास सुरू!

दादा जिच्यात गाडी चालवतो ती मौत का कुआँवाली विहीर पाहिली. विहीर म्हणायचं आपलं, पाणीबिणी काही नाही. उभ्या फळ्यांचं दोन मजली गोल पिंप. तळाशी मोटारसायकली, वर कठड्याभोवती प्रेक्षक. गाडी तळाच्या उतरणीवर वेग घेते आणि थेट भिंतीवर चढून आडवी धावायला लागते. कठड्याच्या हातभर खाली पांढरा पट्टा आहे, त्याच्यावर चाक गेलं की खेळ खलास. दादा त्या पट्ट्याला चाक घासून येतो. मी जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, पण हे बघून आधी कठडा घट्ट धरला. टाळ्याही वाजवल्या, खोटं कशाला लिहू?

माणसं मोजकीच. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. साठीच्या, नजर करडी. दुसरा स्वार पैलवान. हे नाव त्याला कुणी ठेवलं देव जाणे, फुंकर मारली तर उडेल. बाहेर ओरडून लोक गोळा करतो तो भोंगा. आणि नवा मिस्त्री मी.

आलो मिस्त्री म्हणून, पण खरं काम वेगळंच आहे. आईने निघताना बजावलंय, येताना दादाला धडधाकट घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस. दादाला तसंच्या तसं सांगितलं. तो जरा वेळ मिशीशी खेळत बसला, मग म्हणाला, रविवारी इथला शेवटचा खेळ, मग तुझ्याबरोबर घरी. मी शपथ घातली, ती त्याने घेतलीसुद्धा. एवढ्या सहज घेईल असं वाटलं नव्हतं. आज झोप छान लागणार.

बुधवार, ५ तारीख

कामाची पत्र्याची खोली झाडून घेतली. आधीच्या मिस्त्रीने पाने आणि खिळे एकाच डब्यात कोंबले होते; असल्या माणसाला गाडीला हात लावू देणं हाच गुन्हा. खेळाच्या वेळी मी तळाशी मधोमध उभा असतो. दादा आणि पैलवान दोघे डोक्याभोवती गरगरत असतात. पहिल्या दिवशी मान मोडून आली, आता नुसत्या आवाजावरून कळतं कोण कुठे आहे.

दाराची गंमत आहे. दार म्हणजे भिंतीचाच तुकडा, आतून अडसर. बाहेरून पोलादी दोर सगळ्या फळ्या आवळून धरतात आणि दार उघडलं की तो आवळ सैल पडतो, भिंत हलते. म्हणून गाडी वर असेपर्यंत दार उघडायचं नाही. दादाने हे मला तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

दुसरी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. तळाच्या मधोमध एक जुनी लाल गाडी स्टँडवर उभी असते. तिच्यावर कुणी बसत नाही. खेळाच्या आधी काकू स्वतः येऊन ती सुरू करतात, आणि शेवटचा स्वार उतरला की स्वतःच बंद करतात. मधला सगळा वेळ ती नुसती फटफटत उभी. पैलवानाला विचारलं तर म्हणाला, मला विचारू नकोस, काकूंना विचार. आणि काकूंनाही विचारू नकोस.

शुक्रवार, ७ तारीख

न राहवून विचारलं. लाल गाडी काकूंच्या नवऱ्याची. अकरा वर्षांपूर्वी पट्ट्याजवळ असताना तिचं इंजिन अचानक बंद पडलं आणि ते खाली आले. काकू तळाशीच होत्या. सांगताना आवाजात कंप नाही. म्हणाल्या, त्यांना गाडी बंद पडलेली खपत नाही. खेळ चालू असताना ती बंद पडली, तर ते स्वतः चालवायला येतात. दोनदा आले. दोन्ही वेळा एकेक स्वार गेला.

मला हसू आवरेना. काकू म्हणाल्या, हसून घे, पण तिला हात लावलास तर मनगटापासून तोडीन. दादासुद्धा त्यांच्याच बाजूचा निघाला. म्हणाला, दोन दिवस राहिलेत, कशाला नसती उठाठेव?

पण मला ते इंजिन बघवत नाही. धावत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला कुठला? आपल्याच उष्णतेत भाजून निघतंय बिचारं. आज धुराची नळी तापून निळी पडली होती, तेल जळल्याचा वास येत होता. असंच चाललं तर ते एक दिवस आपणहून जाम होईल. मधे दोन मिनिटं गार होऊ दिलं तर काय आकाश कोसळणार आहे? एवढ्या कोलाहलात कुणाला कळणारही नाही.

शनिवार, ८ तारीख, दुपारचे सव्वाचार

मी तळाशी आहे. दार आतून बंद आहे. खिशात ही वही होती म्हणून लिहितोय. पुढे कुणी चौकशी केली तर काकूंना किंवा दुसऱ्या कुणाला धरू नका. मी केलं. इंजिन जाम होईल म्हणून लाल गाडी मी बंद केली.

मिनिटभर काहीच झालं नाही. मी नळीवर ओलं फडकं धरलं होतं. मग स्टँड आपोआप वर गेला. गाडी माझ्या हातातून सुटून उतरणीवर गेली, भिंतीवर चढली. गाडीवर कुणी नाही. वेगाची मूठ मात्र पिळली जात होती, मला स्पष्ट दिसलं. लोकांना वाटलं नवा खेळ. टाळ्या पडल्या.

पैलवान पुढे होता. तिने मागून धडक दिली नाही. ती त्याच्या वर गेली आणि वरून त्याला दाबत दाबत खाली आणलं, त्याचा गुडघा फळ्यांवर घासला जाईपर्यंत. मग डोकं. अर्धी फेरी त्याचं डोकं फळ्यांवर फरफटत होतं. आता भिंतीवर लाल रेघ आहे आणि तो माझ्या पायाशी पडलाय. चेहरा राहिलेला नाही. मी त्याच्यावर माझा सदरा टाकलाय. लोक किंचाळत पळाले.

दादा अजून वर आहे. ती त्याच्या मागे आहे.

चार पंचवीस

दादा खाली यायला गेला की ती त्याच्या खाली येते. उतरूच देत नाही. दोनदा प्रयत्न केला त्याने. दुसऱ्यांदा त्याची टाच चाकात गेली. बूट, मोजे आणि — रक्ताचे थेंब माझ्या वहीवर उडताहेत, दर फेरीला.

काकू कठड्यावर आल्या होत्या. ओरडल्या, अहो, पुरे झालं आता, खाली या. घरातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसं. हाक ऐकून लाल गाडी वळली. पांढरा पट्टा ओलांडून वर. कठडा फोडून त्यांच्या कमरेवरून गेली आणि पुन्हा भिंतीवर. काकू आत पडल्या. मी धरायला धावलो. पोटापासून खाली काही उरलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू बंद केलीस ना रे. एवढंच. मग गेल्या.

त्या वेळात दादाला उतरता आलं असतं. त्याचं लक्ष काकूंकडे होतं. माझंही. मी का ओरडलो नाही? मी का —

चार पस्तीस

भोंगा बाहेरून दार ठोकतोय. पहार आणलीय. बाहेर ये म्हणतो, तू तरी वाच. मी अडसराला पाठ लावून बसलोय. ओरडून सांगितलं, दार हललं तर दादा पडेल, पहार लावलीस तर तुझा जीव घेईन. थांबला. रडतोय बहुतेक.

खाली असलेल्याकडे ती बघत नाही. वर कोणी असेपर्यंत नाही. दादा पडला की मग माझी पाळी.

दादाच्या गाडीत पेट्रोल मीच भरलं. गाडी हलकी राहावी म्हणून खेळापुरतंच. अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटं. चारला सुरुवात झाली.

तिला पेट्रोल लागत नाही. तिची टाकी मी सकाळीच चोरून रिकामी केली होती, धुवायला, आणि पुन्हा भरायची राहिली. मग ती इतका वेळ सुरू कशी —

चार सदतीस

दादाच्या गाडीला ठसका लागतोय. मला आवाज कळतो. टाकीच्या तळाचा आवाज.

प्रत्येक फेरीला तो दाराकडे बोट दाखवतो. जा. मी मान हलवतो. नाही. पुन्हा बोट. पुन्हा नाही. शिव्या देतोय, ओठांवरून कळतंय. लहानपणी द्यायचा त्याच.

आई, मी त्याला सोडून बाहेर नाही येणार. तू सांगितलं होतंस तेच करतोय.

आता त्याने दोन्ही हात सोडले. हात जोडतोय. माझ्यापुढे. दादा माझ्यापुढे हात —

नको रे. असं नको करूस.

दुसरा ठसका. ती अगदी चिकटली. त्याच्या वर आली. दाबतेय.

तो बरोबर समोरून येईल. उंची दीड माणूस. वजन कमी झालंय त्याचं. जमेल. खाली पैलवान आहे, पाय घसरायला नको, त्याला बाजूला ओढलं. माफ कर.

बंद पडली. दादाची. बंद —

वही टाकतो. झेलायला दोन्ही हात लाग