साहेबांनी काडेपेटी खाल्ली

दि. १२ एप्रिल, रविवार दुपार

चि. मनी,

तुला, जावईबापूंना आणि आमच्या नातीला, ठकीबाईंना भरभरून आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. ठकी बावीस तारखेला येणार, महिनाभर राहणार आणि तुझं प्रशिक्षण निर्धास्त पार पडणार, हे सगळं दोनदा वाचलं. लगेच 'पाठव, पाठव' असं उत्तर लिहून पाकीटही चिकटवलं होतं. ते टाकलं नाही. हे दुसरं पत्र आहे. अक्षर गिचमिड वाटलं तर चालवून घे.

आधी इकडच्या गमती. आपला बोकड, म्हणजे साहेब, हल्ली स्वयंपाकघरातही तपासणीला येतात. मागच्या आठवड्यात मी ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होते, तर पाठीमागे कुरुम कुरुम आवाज. वळून बघते तो साहेबांनी अर्धा कोबी फस्त केलेला! शेजारची शिंपीणबाई दारातूनच ओरडली, "अहो, याचा वास रस्त्यापर्यंत येतोय आणि तुम्हाला पत्ता नाही?" मी म्हटलं, "तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली आहेत, मला कसल्या वासाचं काही वाटत नाही." तीही हसली, मीही हसले.

केकचं तर तुला ठाऊकच आहे. पिवळी कोंबडी लाकडांमागे अंडी लपवते, त्यातलं केकमध्ये गेलेलं एक कधीचं होतं कोण जाणे. टपालवाल्यानं तुकडा तोंडाजवळ नेला आणि सायकल तिथेच टाकून नळाकडे धावला. दूध तीनदा करपलं, त्याचं खापर मी बदकांवर फोडलं. फोनवर हे ऐकून तू पोट धरून हसली होतीस.

आता फोनवर न सांगितलेलं सांगते. बसून वाच.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर मी सिलिंडर बंद केला नाही, लगेच दूध तापवायचं होतं म्हणून. तेवढ्यात बदकांना खायला घालायला अंगणात गेले. आदल्या दिवशी मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसच्या नळीवर सांडलं होतं. नंतर पुसू म्हटलं आणि राहिलं. साहेबांना मीठ म्हणजे जीव की प्राण. मी परत आले तेव्हा ते ओट्याखालून निघून रुबाबात बाहेर चालले होते, तोंड हलत होतं. मी एक धपाटा घातला आणि दुधाचं पातेलं ठेवलं. काडेपेटी बघते तर जागेवर नाही. जमिनीवर चार काड्या आणि खोक्याचा चघळलेला तुकडा. लायटर तर कधीचा बिघडलाय. "काडेपेटीसुद्धा सोडली नाहीस, मेल्या!" म्हणून मी तिथेच उभी राहून त्याचा उद्धार केला. कुठूनशी बारीक सूं सूं ऐकू येत होती, मला वाटलं नळ नीट बंद झाला नसेल. डोकं जड झालं, मला वाटलं ऊन लागलं.

शिंपीणबाईकडे काडेपेटी मागायला गेले. तिला कपभर दूध हवं होतं म्हणून ती माझ्याबरोबरच आली. दारापाशी पोचेपर्यंत मी बोलता बोलता काडी बाहेर काढली होती. मनी, काडी पेटीला टेकवली होती. तिनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे.

"गॅस! अहो, घर भरलंय गॅसनं! तुम्हाला वास येत नाही?"

तिनं मला अंगणात ढकललं, पदर नाकाशी धरून आत गेली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. नळी एका जागी दातांनी पार कुरतडलेली होती. मी बदकांच्या टोपलीवर बसून राहिले. तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि या खेपेला मला हसता आलं नाही.

नाही येत वास. फेब्रुवारीतल्या तापापासून कसलाच येत नाही. करपलेल्याचा नाही, सडलेल्याचा नाही, बोकडाचा नाही. एकेकाळी इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून मी कुठल्या शेगडीवर काय लागलंय ते सांगायची. तुला सांगितलं नाही, कारण तू ठकीला पाठवली नसतीस. एवढंच कारण. मी दिवस मोजत होते गं.

पण आता डोळे मिटले की तीच दिसते. ओट्याशी स्टुलावर उभी, अंडी फेटायला हात पुढे केलेला, आणि माझ्या हातात काडी. मला फार भीती वाटते. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती, तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नळी बदलली आहे, पण मी शेगडी पेटवलेली नाही. शिंपीणबाई डबा देते, उद्या डॉक्टरांकडेही नेणार आहे. साहेब मजेत रवंथ करताहेत. काडेपेटी जागेवर असती, तर मी एकटीनंच काडी ओढली असती. त्यामुळे त्याला मारावं की ओवाळावं, मला कळत नाही.

मागच्या पार्सलात बरण्या तू ठकीच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळल्या होत्यास. काल तो नाकाशी धरला. किती वेळ धरला. कापडच होतं नुसतं.

तिला एकटीला पाठवू नकोस. प्रशिक्षण संपल्यावर जमलं तर तूच तिला घेऊन ये. तू ओट्याशी थांब, मी तिला अंगणात साहेब दाखवीन.

उत्तर लिहूनच पाठव, फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा हसून सगळं ठीक आहे म्हणेन, आणि तू विश्वास ठेवशील.

तुझी, घाबरलेली,
आई